स्थळाचे ऋण : प्रवासलेखनातील उत्तम आणि अधम

प्रवासाहून परतलेल्या माणसाला घरची मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात : सर्वांत चांगले ठिकाण कोणते लागले आणि सर्वांत वाईट कोणते? प्रश्न साधे असतात व त्यांची उत्तरेही बहुधा ओठांवरच असतात. मात्र तीच उत्तरे प्रवासवर्णनाच्या पानांत उतरतात, छापली जातात आणि ज्यांनी ते ठिकाण कधी पाहिले नाही व पाहण्याचा संभवही नाही अशा वाचकांच्या हाती पडतात, तेव्हा त्यांचे स्वरूप बदलते. एका गावाला उत्तम आणि दुसऱ्याला अधम म्हणणे ही मग केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. तो एक निवाडा होतो. त्या गावात माणसे राहत असतात. निवाडा त्यांच्या पाठीमागे दिला जातो आणि त्यावर त्यांना दाद मागता येत नाही.

मराठीत प्रवासलेखनाची परंपरा समृद्ध आहे. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ साली प्रसिद्ध झाले, अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली आले, पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने १९६० मध्ये या प्रकाराला घराघरांत नेले. या लेखनातील विनोद, निसर्गचित्रण, निवेदनशैली यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे विचारायचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या स्थळाला उत्तम वा अधम ठरवण्याचा अधिकार लेखकाला कोठून प्राप्त होतो? तेथे जाऊन आल्याने? तेथे हाल सोसल्याने? की आणखी कशाने? या प्रश्नाचा शोध तीन लेखकांच्या आधारे घ्यावा आणि मग आपल्याच नियतकालिकांतून येणाऱ्या तीर्थयात्रावृत्तांकडे वळावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तिघांपैकी एक कोकणातील भिक्षुक ब्राह्मण, दुसरा स्कॉटलंडचा प्रॉटेस्टंट, तर तिसरा इंग्लंडमधील कॅथलिक. तिघांनाही आयुष्यातील अत्यंत वाईट ठिकाण पाहावे लागले.

१

विष्णुभट गोडसे हे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसईचे. घरावर कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून दक्षिणा भरपूर मिळेल, ही वार्ता ऐकून १८५७ साली ते काकांसह उत्तरेस निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचे 'माझा प्रवास' हे कथन चिंतामणराव वैद्य यांनी संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे मूळ हस्तलिखितावरून संहिताही छापली गेली.

गोडसे भटजींची स्थळे जोखण्याची रीत अगदी सरळ आहे. भोजन कसे मिळाले, दक्षिणा किती मिळाली, धर्मकृत्ये यथासांग होतात की नाही, एवढ्यावर गावाचा दर्जा ठरतो. आधुनिक वाचकाला याचे हसू येईल. पण या हिशेबात एक प्रामाणिकपणा आहे. आपण याचक म्हणून आलो आहोत, या गावाकडून काही घेणार आहोत, हे लेखक कधीही लपवत नाही.

झाशी हे या पुस्तकातील उत्तम स्थळ. राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय, त्यांची दिनचर्या, शहरातील देवळे, राजवाड्यातील ग्रंथसंग्रह या सर्वांचे वर्णन भटजी मन भरून करतात. आणि झाशी हेच या पुस्तकातील अधम स्थळ. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहराला वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी ती आत शिरली. त्यानंतरचे बिजन, लूट, जळणारी घरे, रस्त्यात पडलेली प्रेते, जीव वाचवण्यासाठी लपून काढलेले दिवस, हे सारे भटजींनी जवळून पाहिले. ग्रंथसंग्रहाचा नाशही ते नोंदवतात आणि त्या ठिकाणी त्यांची लेखणी विशेष कळवळते.

दोन झाशींची ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. भटजी झाशीला कोठेही नावे ठेवत नाहीत. तेथे आपले किती हाल झाले, हे ते सांगतात. पण त्या हालांचा दोष शहराच्या पदरी घालत नाहीत. शहराचे काय गेले, याची मोजदाद ते शहराच्याच मापाने करतात : इतके ग्रंथ, इतकी घरे, इतकी माणसे. ज्या गावाचे अन्न खाल्ले त्या गावाच्या विध्वंसाचा साक्षीदार होणे त्यांच्या नशिबी आले आणि त्यांनी ते साक्षीचे काम केले. दक्षिणेचा हिशेब ठेवणाऱ्या भिक्षुकाला ऋणाचाही हिशेब ठेवता येत होता.

त्यांच्या दृष्टीला मर्यादा आहेतच. आपल्या ज्ञातीच्या वर्तुळाबाहेरची झाशी त्यांना अंधूकच दिसते. कोष्टी, हलवाई, शिपाई यांच्या घरांत काय घडले, ते दुरूनच ऐकू येते. ऋण जेथे ओळखले तेथवरच दृष्टी पोहोचली, असे म्हणावे लागते.

२

भटजींना त्यांच्या अधम स्थळी दैवाने नेले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मात्र आपल्या पायांनी तेथे गेला. ते स्थळ म्हणजे हवाई बेटांपैकी मोलोकाईवरील कालाउपापा. एका बाजूस उभा कडा, तीन बाजूंस समुद्र. १८६६ पासून हवाईचे राज्य कुष्ठरोग्यांना पकडून तेथे आणून टाकीत असे. १८७३ च्या मे महिन्यात बेल्जियमचे फादर डेमियन तेथे राहावयास गेले. त्यांनी चर्च उभारले, घरे बांधली, शवपेट्या तयार केल्या, व्रण धुतले. अखेर त्यांना स्वतःला तो रोग जडला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी ते वारले. पुढच्याच महिन्यात स्टीव्हन्सन त्या बेटावर उतरला व सुमारे आठवडाभर राहिला.

या भेटीविषयी त्याने जे लिहिले त्यात भीती, किळस आणि आदर ही तिन्ही आहेत. होडीत त्याच्यासोबत तेथे सेवेसाठी निघालेल्या धर्मभगिनी होत्या. किनाऱ्यावर जमलेले विद्रूप चेहरे पाहून आपल्याला काय वाटले, हे तो सांगतो. ते स्थळ भयंकर आहे, हे त्याने जराही झाकलेले नाही. मात्र तो तेथील मुलींबरोबर खेळला, रोग्यांशी बोलला, डेमियनला ओळखणाऱ्या माणसांना, त्यांच्या टीकाकारांनासुद्धा, प्रश्न विचारीत फिरला. बेट सोडल्यावर त्याने त्या मुलींसाठी पियानो पाठवला.

या आठवड्याचे फळ वर्षभराच्या आतच वाचकांपुढे आले. होनोलुलूतील डॉक्टर हाइड या प्रॉटेस्टंट पाळकांनी एका खाजगी पत्रात डेमियनविषयी अनुदार उद्गार काढले होते. ते पत्र छापले गेले. स्टीव्हन्सनने फेब्रुवारी १८९० मध्ये सिडनीहून त्यांना जाहीर पत्र लिहिले. इंग्रजी वादविवादाच्या वाङ्मयात हे पत्र आजही वाचले जाते. आपल्या लोकांनी ते डेमियनचे स्तोत्र म्हणून वाचले. पण स्तोत्र तर ते मुळीच नाही. डेमियन अस्वच्छ राहत, हट्टी होते, कोते होते, त्यांचे कित्येक बेत फसले, हे सारे स्टीव्हन्सनने स्वतःच मांडले आहे. त्याच्या युक्तिवादाचा कणा वेगळाच आहे. हाइड यांचे होनोलुलूतील प्रशस्त घर त्याने पाहिले होते आणि डेमियनचे बेटही पाहिले होते. त्या घरात बसून त्या बेटावरील माणसाविषयी लिहिण्याचा अधिकार कोणाला आहे, असा त्याचा रोख आहे. उत्तम स्थळी राहणाऱ्याने अधम स्थळाविषयी दिलेला निवाडा त्याने फेटाळला, तो स्वतः त्या स्थळाला आठवडाभर तरी देणे लागला होता म्हणून.

या पत्रातही एक उणेपणा आहे आणि तो सांगणे आवश्यक आहे. वाद दोन गोऱ्या धर्मसेवकांच्या नावांभोवती फिरत राहतो. ज्यांचे ते बेट होते ते हवाईयन रोगी पार्श्वभूमीला जातात. त्यांना कुटुंबांपासून तोडून तेथे आणले होते. सक्तीच्या विलगीकरणाचा तो नियम १९६९ साली उठला. डेमियन २००९ मध्ये संतपदाला पोहोचले. कालाउपापाच्या दफनभूमीतील बहुसंख्य थडग्यांवर आज नावसुद्धा नाही.

३

ग्रॅहम ग्रीन १९२६ साली कॅथलिक झाला. १९३८ च्या वसंतात तो मेक्सिकोला गेला, तो धर्मछळाचा वृत्तांत लिहिण्यासाठी. १९१७ च्या घटनेने तेथील ख्रिस्तसभेचे हातपाय बांधले होते; १९२६ ते १९२९ या काळात क्रिस्तेरोंचे सशस्त्र बंड झाले; १९२७ मध्ये येशूसंघीय फादर मिगेल प्रो यांना गोळ्या घातल्या गेल्या. टबास्को राज्यात तर गव्हर्नर गारिदो कानाबालने चर्चेस जमीनदोस्त केली आणि विवाह करणाऱ्या धर्मगुरूंनाच काय ती परवानगी ठेवली. ग्रीन तेथे पोहोचला तेव्हा गारिदोची सत्ता गेली होती, पण चर्चेस उभी राहिली नव्हती.

या प्रवासाचे पुस्तक 'द लॉलेस रोड्स' १९३९ मध्ये निघाले. एका कॅथलिक लेखकाने छळ सोसणाऱ्या कॅथलिक लोकांवर लिहिलेले हे पुस्तक वाचावयास घेताना आपली अपेक्षा उंचावलेली असते आणि तीस-चाळीस पानांतच ती डळमळू लागते. ग्रीनला मेक्सिको आवडला नाही, असे म्हणणे सौम्य ठरेल. त्याला त्या देशाचा तिटकारा आला आणि तो त्याने लपवला नाही. उष्मा, माश्या, अन्न, खेचरावरचा जीवघेणा प्रवास, ताप, लोकांचे डोळे, त्यांचे हसणे, सारे काही त्याला छळते. आपण पीडितांविषयी वाचतो आहोत की पीडित प्रवाशाविषयी, हा संभ्रम पानोपानी होतो. लेखकाच्या शरीराला जे सोसवले नाही ते त्या देशाचे व्यंग म्हणून नोंदले जाते. येथे अधम स्थळाचा निवाडा आहे. त्याचा अधिकार मात्र केवळ गैरसोयीतून आलेला आहे.

तरीही पुस्तकात अशी पाने आहेत की जेथे हा कडवटपणा अचानक गळून पडतो. चियापासच्या डोंगरात, लास कासासच्या वाटेवर, आदिवासींनी उभारलेले उंच क्रूस त्याला माळावर दिसतात. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, तरी लोकांनी श्रद्धा आपल्या रीतीने धरून ठेवली आहे. ती श्रद्धा त्याला पुरती उमगत नाही आणि म्हणूनच तो क्षणभर बोलायचा थांबतो. त्या शहरात पवित्र सप्ताहात खाजगी घरात चोरून होणाऱ्या मिस्सेला तो हजर राहतो, तेथेही त्याची लेखणी अशीच नम्र होते. आणखी एक गोष्ट त्याने टबास्कोत ऐकली : पळून गेलेल्या एका मद्यपी धर्मगुरूची. नशेत त्याने एका मुलग्याला स्नानसंस्कार देताना मुलीचे नाव ठेवले होते. प्रवासवर्णनात हा एक किस्सा आहे. तो किस्सा ग्रीनच्या मनात रुतून राहिला.

१९४० साली 'द पॉवर अँड द ग्लोरी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्थळ तेच, उष्मा तोच, गिधाडे व चिखल तोच. जुन्या मुख्य मंदिराच्या जागी लोखंडी झोपाळे असलेले क्रीडांगण. बदलले आहे ते पाहणारे डोळे. आता त्या प्रदेशातून चालणारा परतीचे तिकीट असलेला इंग्रज नाही. तो तेथलाच एक पडका, दारुडा, एका मुलीचा बाप झालेला धर्मगुरू आहे आणि त्याला त्या लोकांचे देणे आहे. तो दुसऱ्या राज्यात निसटू शकतो, पण प्रत्येक वेळी कोणी तरी मरणासन्न असते आणि त्याला मागे वळावे लागते.

या कादंबरीतील दोन स्थळे आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीची आहेत. पहिले तुरुंगाची कोठडी. रात्रीचा अंधार, कोंदट दुर्गंधी, एकमेकांवर पडलेली माणसे. येथे धर्मगुरू आपली ओळख उघड करतो. त्याच्यावर मोठे इनाम लागलेले असूनही त्या कोठडीतील कोणीही त्याला पकडून देत नाही. ज्या गर्दीचा व घाणीचा प्रवासी ग्रीनला उबग आला होता, तिच्यातच या पापी माणसाला आपण या सर्वांपैकी एक आहोत याचा अर्थ कळतो आणि त्याला विलक्षण शांती लाभते.

दुसरे स्थळ याच्या अगदी उलट. सरहद्दीपलीकडे लेहर नावाच्या भावाबहिणीचे घर आहे. दोघे लुथरन, सज्जन, नीटनेटके. ओढ्यात स्नान, स्वच्छ अंथरूण, दूध, वर्तमानपत्र. प्रवासात ग्रीनलाही पालेंकेजवळ एका जर्मन गृहस्थाच्या मळ्यावर असाच विसावा मिळाला होता आणि त्या पानांत त्याची कृतज्ञता स्पष्ट आहे. कादंबरीत मात्र हे उत्तम स्थळ धर्मगुरूच्या आत्म्याला सर्वांत घातक ठरते. तेथे पोहोचून चार दिवस होतात न होतात तोच तो गावकऱ्यांशी स्नानसंस्काराच्या दक्षिणेवरून घासाघीस करू लागतो, आलेल्या पैशांतून ब्रँडी किती येईल याचा विचार करतो, त्याचा जुना तोरा परत येतो. लेहर बंधुभगिनींचा यात काडीचाही दोष नाही आणि ग्रीन तो देतही नाही. सुखाच्या जागी आपण कोणाचे देणे लागतो याचा विसर पडतो, एवढेच तो दाखवतो. आम्हा धर्मगुरूंना ही पाने वाचताना फार अवघडल्यासारखे होते आणि तसे व्हावे हेच बरे.

१९५३ मध्ये रोमच्या होली ऑफिसने या कादंबरीवर नापसंती नोंदवली. पुढे पोप सहावे पॉल यांनी ती वाचली असल्याचे १९६५ साली भेटीत खुद्द ग्रीनला सांगितले व काही कॅथलिकांना त्याचे लेखन खटकणारच, त्याची त्याने चिंता करू नये, असा दिलासा दिला. माझ्या मते ही कादंबरी म्हणजे ग्रीनने मेक्सिकोचे फेडलेले ऋण आहे. प्रवासवर्णनात त्याने त्या लोकांकडून सामग्री घेतली आणि मोबदल्यात शेरे दिले. कादंबरीत त्याने त्यांना माणूसपण परत केले; छळ करणाऱ्या लेफ्टनंटलाही त्याने गरिबांविषयी खरी तळमळ दिली.

४

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे आणि तो मोह विशेषतः ख्रिस्ती लेखकाचा आहे. अधम स्थळीच देव भेटतो, म्हणून अधम स्थळ हेच खरे उत्तम स्थळ, असे सूत्र बांधणे सोपे असते. प्रवचनात ते शोभूनही दिसते. पण ते खरे नाही. झाशीचे बिजन हे बिजनच होते. भटजींनी त्यातून कोणताही गोड बोध काढलेला नाही. डेमियनच्या पावित्र्याने कालाउपापाचा किनारा कोणाही आईला आपले मूल पाठवावेसे वाटावे असा झाला नाही. ग्रीनची कोठडी दुर्गंधीचीच राहते आणि सकाळी धर्मगुरूला तिथल्या घाणीच्या बादल्या उचलाव्या लागतात.

शुभवर्तमानही हे सूत्र शिकवत नाही. डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा पेत्राला तेथेच मंडप उभारून राहावेसे वाटले. आपण काय बोलतो आहोत याचे त्याला भान नव्हते, असे शुभवर्तमानकार सांगतात आणि सर्वांना खाली, माणसांच्या गर्दीत, यावे लागते. गुलगुथा हे नगराबाहेरचे वधस्थान. पुनरुत्थानाने त्या टेकडीवरील क्रूरता चांगली ठरली नाही. तिचा शब्द अखेरचा ठरला नाही, इतकेच. दुःखाच्या जागेला सुंदर म्हणणारा लेखक तिथल्या माणसांचा दुसऱ्यांदा अपराध करतो. त्याने तिला वाईटच म्हणावे. फक्त ती कोणासाठी वाईट आहे, कोणामुळे वाईट झाली आणि आपण तेथून काय घेऊन आलो, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे.

पंडिता रमाबाईंचे प्रवासवृत्त या कसोटीला चांगले उतरते. अमेरिकेने त्यांना मैत्री दिली, त्यांच्या कार्याला आर्थिक बळ दिले आणि त्याच मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. त्या देशाचे त्यांनी मनापासून कौतुक केले. परंतु तेथील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेला अन्यायही त्यांनी मराठी वाचकांपुढे ठेवला. ऋणाने त्यांची जीभ बांधली नाही. ऋण मानणे म्हणजे भाटगिरी करणे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

५

आता आपल्या घराकडे वळू. गेल्या काही दशकांत आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे पवित्र भूमीची यात्रा करून आली. पूर्वी जे एखाद्या धर्मगुरूच्या वाट्याला येई ते आता वसईतील शेतकऱ्याला आणि निवृत्त शिक्षिकेला साध्य झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. यात्रेहून परतल्यावर अनेक जण लिहितात आणि आपली नियतकालिके ते लेखन छापतात. धर्मग्रामातील माणूस लिहिता झाला, याचे मोल मी जाणतो. तथापि या लेखनाचा एक साचा बनून गेला आहे. विमानतळावरील प्रार्थना, गालील सरोवरातील नौका, काना येथे वचनांचे नूतनीकरण, यार्देनचे पाणी, दुःखमार्गावरील अश्रू आणि शेवटी, जन्माचे सार्थक झाले, हे वाक्य. सर्व काही उत्तम. वाईट म्हणून जर काही आलेच तर ते बेथलेहेमच्या वाटेवरील तपासणी नाक्यावरचा खोळंबा आणि मागे लागणारे फेरीवाले.

भक्ताने आनंदाने लिहावे, त्याच्यावर इतिहासाचे ओझे कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. प्रत्येक यात्रेकरूने राजकारणाचा अभ्यासक व्हावे असे मी म्हणणार नाही. पण त्या नाक्यावर आपल्याला एक तास थांबावे लागले, ही नोंद ज्याने केली त्याने त्या भिंतीकडे पाहिलेच आहे. २००२ पासून ती उभी राहू लागली. तिच्या आत राहणाऱ्या बेथलेहेमकराला जेरुसलेमच्या पवित्र कबरीपर्यंत जाण्यासाठी परवाना लागतो. आपण वसईहून तेथे पोहोचतो. तो काही मैलांवरून पोहोचू शकेलच असे नाही. ज्या फेरीवाल्याने जैतुनाच्या लाकडाचा क्रूस आपल्याला विकला त्याचे आडनाव आपण विचारले नाही. कदाचित तो आपलाच धर्मबंधू असेल, ज्याच्या पूर्वजांनी शतकानुशतके त्या जागा राखल्या म्हणून आपल्याला तेथे गुडघे टेकता आले. बेथलेहेममध्ये एकेकाळी ख्रिस्ती बहुसंख्य होते. आज ते अल्पसंख्य आहेत. आपल्या यात्रावृत्तांत दगड बोलतात, मार्गदर्शक बोलतो, हॉटेलातील न्याहारीही बोलते. फक्त ही माणसे बोलत नाहीत.

बेथलेहेमपासून गाझा शंभर किलोमीटरांच्या आत आहे. तेथे पवित्र कुटुंबाच्या नावाचे एकुलते एक कॅथलिक धर्मग्राम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यापासून पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मधील आपल्या निधनापर्यंत जवळजवळ रोज सायंकाळी त्या धर्मग्रामाला दूरध्वनी करीत. जुलै २०२५ मध्ये त्या चर्चवर तोफगोळा पडला आणि तीन माणसे दगावली. एका आजारी वृद्धाने अंथरुणावरून दूरध्वनी करून त्या स्थळाशी जो संबंध राखला, तो आपल्या दहा दिवसांच्या यात्रेतून राखला जातो का, हे प्रत्येकाने आपल्याशीच विचारून पाहावे. दरवर्षी गुड फ्रायडेला आपण पवित्र भूमीसाठी दानपेटीत पैसे टाकतो. त्या दानाचा अर्थच मुळी ऋण हा आहे.

मराठीत याचा वस्तुपाठ नाही असे नव्हे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या ग्रंथात इस्रायल व पॅलेस्टाइन यांच्या संघर्षाचा मागोवा घेतला. यात्रेची भाविकता आणि इतिहासाची जाण एकाच लेखणीत नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांनी आखलेली वाट मात्र आपल्या यात्रालेखकांनी अजून पुरेशी चालून पाहिलेली नाही.

जाता जाता आणखी एक जुने उदाहरण. फादर थॉमस स्टीफन्स एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघाले व ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले. पुढच्याच महिन्यात त्यांनी वडिलांना पत्र लिहिले. त्यात सागर पुष्कळ आहे, वारे आहेत, मासे आहेत, जहाजावरील आजार आहेत. गोवा थोडाच आहे. आल्याला पंधरवडा उलटलेल्या माणसाला गोव्याविषयी दुसरे काय लिहिता येणार होते? त्यानंतर ते सुमारे चाळीस वर्षे या भूमीत राहिले, तिची भाषा शिकले आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्या काव्यात गोव्याला कोणी सर्वोत्तम स्थळ म्हटलेले नाही. त्यात इथल्या भाषेचे ऋण मानले आहे आणि ते त्याच भाषेत फेडले आहे.

सर्वांना चाळीस वर्षे राहता येत नाही. बहुतेकांच्या वाट्याला दहा दिवस येतात. तेवढ्यातही लिहिणाऱ्याला काही करता येईल. योहानाच्या शुभवर्तमानात नथनेलाने नासरेथविषयी ऐकीव निवाडा दिला, तेव्हा फिलिपने त्याच्याशी वाद घातला नाही. सोबत चालून पाहण्यास सांगितले. आपल्या यापुढील यात्रावृत्तांत गालीलच्या सूर्योदयाला जरूर जागा असावी. त्याबरोबर निदान एका तरी स्थानिक माणसाचे बोलणे असावे, तो काय करतो, त्याची मुले कोठे आहेत, त्याला आपल्या गावातले काय उत्तम वाटते आणि काय अधम, हे त्याच्याच शब्दांत यावे. संपादकांनीही असा मजकूर आला नसेल तर लेखकाकडून तो मागून घ्यावा. छायाचित्रांची दोन पाने कमी झाली तरी चालतील.